तिने पाकीट उलटं करून ती ओळ दाखवली

ताई, नमस्कार. मी मूळचा नाशिकचा, वय २९. तीन वर्षं टोकियोत नोकरी करतोय. राहायला निशी-कासाईला, आपली बरीच मंडळी राहतात तिथेच. ऑफिसातली एक जपानी मुलगी (वय ३१) आणि मी गेल्या सहा महिन्यांत बऱ्याचदा बाहेर भेटलो. कामाकुराला जाऊन आलो, इनोकाशिरा पार्कात बोटीत बसलो, मार्चअखेर उएनोला साकुरा पाहिला. पण मला काही कळतच नाही. दर वेळी ती तिचे पैसे तीच देते. परवा जेवणाचे १,४८० येन नाण्यांसकट मोजून ट्रेत ठेवले. संध्याकाळी फोन केला तर उचलत नाही, तासाभराने लाइन अॅपवर मेसेज येतो. घरी पोहे खायला ये म्हटलं, तर 'चोत्तो...', म्हणजे 'जरा...', म्हणून गप्प. १४ फेब्रुवारीला तिने ऑफिसात सगळ्यांना छोटी चॉकलेटं वाटली, मला मात्र संध्याकाळी स्टेशनवर वेगळा डबा दिला. १४ मार्चला परतभेट द्यायची असते हे माहीत होतं, पण त्याच आठवड्यात कामाचं रिलीज होतं, राहून गेलं. (नवीन वर्षाला ती कानाझावाला घरी गेली होती, तेव्हा माझ्यासाठी वेगळं सेम्बेईचं, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचं, पाकीट आणलं. मी शाकाहारी आहे, म्हणून पाकीट उलटं करून घटकांची बारीक अक्षरातली ओळ नखाने दाखवली.) इकडे आई मागे लागली आहे. गोल्डन वीकला, म्हणजे इथल्या एप्रिलअखेरच्या सुट्टीत, मी घरी येतोय, तेव्हा दोन स्थळं पाहायची ठरली आहेत. मी 'बघू' म्हटलंय. ताई, ही मैत्री आहे की आणखी काही? जपानी माणसाच्या मनातलं ओळखायचं कसं?
– गोंधळलेला, निशी-कासाई

प्रिय भाऊ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कंसातल्या मजकुरापाशी थांबले. तू तो जाता जाता लिहिलास. माझ्या लेखी तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

मी योकोहामाला चार वर्षं काढली आहेत. शाकाहारी माणसाला तिथे मांसमच्छी टाळणं तसं सोपं असतं, कारण ती दिसते. न दिसणारी असते ती दाशी. कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाचा कीस. तो उकळून काढलेलं पाणी म्हणजे दाशी, आणि ते सूपात, सॉसमध्ये, भाजीच्या रश्शात, अगदी कुरकुरीत खाऊवरच्या मसाल्यातसुद्धा असतं. तिथल्या माणसाला तो मासा वाटतच नाही, चव वाटते. पहिल्या महिन्यात मी सुपरमार्केटमध्ये एकेक पाकीट हातात घेऊन नुसती उभी राहायची. शेजारच्या आजींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी एका चिठ्ठीवर चार-पाच शब्द ठळक अक्षरात लिहून दिले: हे दिसलं की घेऊ नकोस. ती चिठ्ठी घड्यांवर फाटेपर्यंत माझ्या पर्समध्ये होती. म्हणून सांगते, जिच्या जिभेला दाशीतला मासा जाणवतसुद्धा नाही अशी मुलगी कानाझावाच्या दुकानात उभी राहून तुझ्यासाठी बारीक अक्षरं वाचते, तेव्हा ती तुझा विचार करत असते. प्रवासाहून ऑफिससाठी खाऊ आणणं ही रीत झाली. ओमियागेचा मोठा डबा, आत एकेक वेगळं गुंडाळलेलं, सगळ्यांच्या टेबलावर एकेक. तुझं पाकीट त्या डब्यातलं नव्हतं.

आता तुझ्या तक्रारी. पैशांचं मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे हॉटेलात 'आज मी देतो' म्हणून हातघाईवर येणं हे प्रेमाचं लक्षण, आणि ज्याने त्याने आपापले मोजले की वाटतं, परकं केलं. तिथे वारिकान, म्हणजे आपापला वाटा देणं, ही रोजची गोष्ट आहे. कुणाचं देणं अंगावर राहू नये ही तिथली शिकवण. तिने नाण्यांसकट १,४८० येन ठेवले म्हणजे ती तुझ्यासोबत बरोबरीने बसली होती, एवढंच. एखाद्या दिवशी द्यावंसं वाटलं तर आधीच सांग, 'आज माझ्याकडून, पुढच्या वेळी कॉफी तुझ्याकडून.' पुढची भेट त्यातच ठरून जाते.

फोनचं तर सरळ आहे. तू संध्याकाळी फोन करतोस तेव्हा ती बहुधा ट्रेनमध्ये असते, आणि तिथे ट्रेनमध्ये फोनवर कुणी बोलत नाही. तुमच्या तोझाई मेट्रोत सकाळी छातीला छाती लावून उभ्या असलेल्या डब्यात काय शांतता असते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. घरी पोचून, हातपाय धुऊन ती आठवणीने उत्तर देते. आणखी काय हवं?

पोह्यांचं मात्र तुझं चुकलं. तू मनात काही न ठेवता बोलावलंस, मला ठाऊक आहे. आपल्याकडे 'घरी या' हे रस्त्यात भेटलेल्यालाही म्हणतात. टोकियोत घरं लहान, माणसं बाहेर भेटतात, आणि एकट्या पुरुषाच्या खोलीवर जाणं याचा अर्थ मुलीला फार वेगळा लागतो. त्यातून तुमच्यात अजून काहीच बोलणं झालेलं नाही. तिने 'नाही' म्हणून तुला खजील केलं नाही. 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं. ते अर्धवट वाक्य पुरं वाक्यच असतं. तो नकार पोह्यांना नव्हता, तुला तर नव्हताच. त्या दिवशी तसं येण्याला होता.

आता चॉकलेट. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण तुझ्या हातून खरी चूक इथे झाली. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात. ही रीत मिठाईवाल्यांनी आणि मोठ्या दुकानांनी रुजवली, हे तिथे कुणी लपवत नाही. त्यात ऑफिसातल्या सगळ्यांना वाटायचं ते गिरी-चोको, रीतभात म्हणून दिलेलं, आणि मनातल्या माणसाला द्यायचं ते होनमेई-चोको. गिरी-चोकोचा बायकांना इतका जाच होऊ लागला की २०१८ साली गोदिवा या चॉकलेट कंपनीनेच वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन म्हटलं, ही प्रथा थांबवूया. १४ मार्चचा व्हाइट डे हा परतफेडीचा दिवस. तोही मिठाई उद्योगाने १९८० मध्ये सुरू केला. पण एखादा दिवस व्यापाऱ्यांनी काढला म्हणून त्या दिवशी वाट पाहणाऱ्या माणसाची वाट खोटी ठरत नाही. आपल्याकडे हळदीकुंकवाला गेलेल्या बाईला वाण न देता परत पाठवलं तर कसं होईल? इथे तर तिने सगळ्यांसमोर नाही, संध्याकाळी स्टेशनवर थांबून तुला वेगळा डबा दिला. महिनाभराने तुझ्याकडून काहीच आलं नाही. आणि तरीही मार्चअखेर ती तुझ्याबरोबर उएनोला फुलं पाहायला आली. ती का आली असेल, याचा तू एकदा तरी विचार केलास का?

तेव्हा आता उशिरा का होईना, दे. महागडं काही नको, नाहीतर तिच्यावरच परतफेडीचं ओझं पडेल. एखाद्या मोठ्या स्टोअरच्या तळमजल्याखालच्या खाऊच्या दालनात जा, छोटासा डबा घे, नीट बांधून घे आणि आत हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेव. कामाचं निमित्त सांगू नकोस. 'उशीर झाला, चुकलं' एवढंच लिही.

आणि मग ते बोल, जे इतके दिवस बोलला नाहीस. तुला वाटतंय जपानी माणसाच्या मनातलं ओळखणं अवघड. मला तर वाटतं, या एका बाबतीत त्यांनी आपल्यापेक्षा सोपी वाट करून ठेवली आहे. तिला कोकुहाकु म्हणतात. सहा महिने फिरलात, बोटीत बसलात, फुलं पाहिलीत, तरी तुम्ही 'जोडी' होत नाही. कुणीतरी एकाने समोर उभं राहून म्हणावं लागतं: 'सुकी देसु. त्सुकिआत्ते कुदासाइ.' तू मला आवडतेस, माझ्याशी नातं जोडशील का. ऐकणाऱ्याने हो म्हटलं की त्या दिवसापासून नातं सुरू, तारीखसुद्धा लक्षात ठेवतात. नाही म्हटलं तर दोघं वाकून नमस्कार करतात आणि विषय संपतो. 'आहे की नाही' असं अधांतरी कुणी ठेवायचं नसतं. तू सहा महिने तिच्या वागण्यात खुणा शोधतोयस, आणि ती बहुधा तुझ्या तोंडून ती दोन वाक्यं यायची वाट पाहते आहे. चॉकलेट देऊन ती तिची पायरी चढली आहे.

ऑफिसात बोलू नकोस. लाइनवर तर मुळीच लिहू नकोस. फिरून परत येताना, स्टेशन यायच्या आधी, शेवटच्या ट्रेनची घाई नसेल अशा वेळी बोल. तिला उत्तराला वेळ हवा असेल तर दे. 'कांगाएते ओकिमासु', विचार करते, असं म्हणाली आणि नंतर विषयच काढला नाही, तर ते नाही समज आणि पुन्हा विचारू नकोस. एकाच ऑफिसात आहात, तिला तिथे रोज मोकळेपणी वावरता आलं पाहिजे.

पण थांब. हे सगळं करायच्या आधी मला तुझ्याशी त्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. 'बघू.'

तिच्या 'चोत्तो'चा अर्थ तू मला विचारतोस. तुझ्या 'बघू'चा अर्थ तुझी आई काय लावते आहे, ठाऊक आहे? तिने त्याचा हो लावला आहे. तुझं तिकीट निघालं आहे आणि नाशकात दोन घरी मुली तुझ्यासाठी साडी कोणती नेसायची ते ठरवताहेत. त्यांच्या आया रवा निवडून ठेवतील, बैठकीची खोली आवरतील. तुझ्या मनात दुसरी असताना तू त्या घरी कांदेपोह्याची बशी हातात धरून बसणार? मला हे अजिबात मान्य नाही. टोकियोतली मुलगी नाही म्हणाली तरीसुद्धा तू या खेपेला स्थळं पाहायची नाहीस, कारण एक दार बंद झालं म्हणून दुसरं वाजवायला गेलेला मुलगा त्या मुलींना का मिळावा?

दुसरी गोष्ट तिच्या वयाची. ती ३१ वर्षांची आहे. तिच्या आजूबाजूच्या मैत्रिणी कोनकात्सु करताहेत, म्हणजे नोकरी शोधावी तशी रीतसर लग्नासाठी खटपट. लग्नाचं तिथे सरकारलाही इतकं लागून राहिलंय की टोकियो महानगर प्रशासनाने २०२४ मध्ये स्वतःचं जुळवणीचं अॅप काढलं, त्यात अविवाहित असल्याचा दाखला आणि उत्पन्नाचा कागद द्यावा लागतो. अशा वयात तू 'त्सुकिआत्ते कुदासाइ' म्हणशील तेव्हा ती ते गंमत म्हणून ऐकणार नाही. वर्षभराने 'आई ऐकत नाही' म्हणून हात वर करणार असशील तर आज बोलूच नकोस. मनात नक्की असेल तरच बोल.

नक्की असेल तर पुढचं कठीण नाही, फक्त संथ आहे. तू तिला अजून आडनावाला 'सान' लावून हाक मारतोस ना? कोणत्या नावाने हाक मारू, हे तिलाच विचार. आईवडिलांना भेटवण्याची घाई करू नकोस, कारण तिथे आईवडिलांसमोर नेणं म्हणजे लग्नाचं बोलणं. तुझ्या घरच्यांना व्हिडिओ कॉलवर सहज 'हाय' करायला लावशील तर ती घाबरेल. आणि आडनावावरून कुणी भिववलं तर सांगते, जपानी जोडप्याला कायद्याने एकच आडनाव घ्यावं लागतं, पण जोडीदार परदेशी असेल तर ती सक्ती नाही.

तू पत्रात म्हणत नाहीस, पण इनोकाशिराच्या बोटीचं कुणीतरी तुझ्या कानावर घातलं असेल, की तिथे बोटीत बसलेल्या जोड्या तुटतात. त्या तळ्याकाठी बेनतेनचं देऊळ आहे आणि तिला मत्सर वाटतो, असं म्हणतात. ही बेनतेन म्हणजे आपली सरस्वती. तिला मी कधी मत्सरी मानू शकले नाही. मन रुखरुखत असेल तर दोघं मिळून आसाकुसाला माचुचियामाच्या देवळात जा. तिथला देव शोतेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत. जपानमध्ये जोडीने आलिंगन दिलेल्या रूपात त्याला पुजतात. त्याला तिथे मुळा वाहतात. पांढराशुभ्र दाइकोन देवळातच विकत मिळतो. आणि देवळात ठिकठिकाणी एकमेकांत गुंतलेले दोन मुळे कोरलेले दिसतील. जोडप्याचं जमावं म्हणून. नाशिकच्या मुलाने जपानी मुलीला गणपतीची ओळख करून द्यावी आणि तिने त्याला मुळा कसा वाहायचा ते शिकवावं, याहून चांगली दुपार मला सुचत नाही.

पण त्याच्या आधी आई. मेसेज नको, वडिलांमार्फत नको. टोकियोत रविवारी सकाळचे साडेअकरा वाजतात तेव्हा नाशकात आठ झालेले असतात. तिचा चहा झालेला असतो आणि वर्तमानपत्र अजून हातात असतं. तेव्हा फोन कर, आणि पहिल्याच वाक्यात सांग की स्थळांना आजच कळव, मी बघायला येणार नाही.

तुझी,
ताई