खेळ जिंकायला शब्द लागलाच पाहिजे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घाटकोपरला पालिकेच्या मराठी शाळेतली पाचवी-सहावीची २८ मुलं संध्याकाळी तुमच्याकडे येतात. इंग्रजी शब्दांसाठी तुम्ही हँगमन (एकेक अक्षर ओळखून लपवलेला शब्द पुरा करायचा खेळ), शब्दशोध, हाउजी घेता, मुलं रंगून जातात, आणि पुढच्या आठवड्यात तेच शब्द विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून खेळ बंद करून सरळ पाठांतर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

बंद करू नका. मी लालबाग-परळ भागात याच वयाच्या मुलांना २२ वर्षं शिकवतेय आणि सुरुवातीची काही वर्षं माझ्या वर्गातही हेच व्हायचं. खेळ निवडताना मी आता एकच गोष्ट बघते: या खेळात शब्दाला काम काय आहे? शब्द न येताही खेळ जिंकता येत असेल, तर मुलं तो तसाच जिंकणार. जवळची वाट त्यांना लगेच सापडते.

शब्दशोधच घ्या. चौकटींच्या जाळ्यातून के-ई-टी-टी-एल-ई ही अक्षरं शोधून भोवती गोल काढायला केटल म्हणजे काय हे माहीत असायची गरजच पडत नाही. हँगमनमध्येही मुलं आधी ए, ई, आय, ओ, यू म्हणून घेतात आणि मग अंदाजाने अक्षरं भरत जातात. आधीच अर्थ कळलेल्या शब्दाचं स्पेलिंग पक्कं करायला हे दोन्ही ठीक आहेत, नवीन शब्द शिकवायला नाहीत. हाउजी त्याहून बरी, कारण तुम्ही शब्द पुकारता आणि मुलं चित्रावर फुली मारतात, म्हणजे ऐकून ओळखणं तरी होतं. पण सबंध डावात बोलता फक्त तुम्ही! शब्द स्वतः आठवून तोंडाबाहेर काढायची वेळ एकाही मुलावर येत नाही.

आणि मुद्दा नेमका आठवण्याचाच आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. तुमच्या वर्गात त्या संध्याकाळी सगळं छान वाटतं आणि आठवड्याने पाटी कोरी दिसते, त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं. मुलांनी शब्द पाहिला, ऐकला, पण डोक्यातून ओढून काढला नाही.

माझ्या वर्गातला एक खेळ सविस्तर सांगते, म्हणजे नियम किती बारकाईने लावावा लागतो ते लक्षात येईल. मराठीत आपण 'बाकाखाली', 'दारामागे' म्हणतो, म्हणजे जागा दाखवणारा भाग नामाच्या शेपटीला चिकटतो. इंग्रजीत तो पुढे येतो. म्हणून आपली मुलं हटकून 'बेंच अंडर' म्हणतात. हे पाठ करून सुटत नाही, शेकडो वेळा तोंडातून जावं लागतं. त्यासाठी मी 'खडू कुठंय' खेळते. सात-सात मुलांचे गट करायचे. एकाने मनातल्या मनात वर्गात कुठेतरी खडू लपवायचा, ती जागा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी मुठीत धरायची. बाकीच्यांनी पाळीपाळीने विचारायचं, 'इज इट अंडर द बेंच?', 'इज इट बिहाइंड द डोअर?'. उत्तर फक्त येस किंवा नो. खडू खरोखर लपवत नाही, त्यामुळे उठून धावणं नाही, आणि दहा बाय बाराच्या खोलीतही खेळता येतं.

पहिल्यांदा खेळलो तेव्हा मुलं नुसती 'अंडर! बिहाइंड! बेंच!' ओरडत सुटली, हातवारे करून जागा दाखवू लागली आणि खडू सापडलाही. तिथेच मला चूक कळली. दुसऱ्या दिवशी नियम बदलला: हात मांडीवर, आणि अर्धा प्रश्न आला तर चिठ्ठीवाल्याने गप्प राहायचं, पाळी पुढे. आता अख्खं वाक्य बोलल्याशिवाय सुटकाच नव्हती. त्या गटात एक मुलगी होती, जून महिन्यापासून वर्गात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. सहा वेळा पाळी आली, सहाही वेळा तिने मान हलवून 'पास' सांगितलं. मी काही बोलले नाही. सातव्या वेळी तिने वर बघितलं आणि हळूच विचारलं, 'इज इट बिट्वीन द ट्यूबलाइट अँड द वॉल?' सगळ्या गटाने माना वर केल्या. चिठ्ठीवाल्याने मूठ उघडली. बरोबर होतं! पहिल्या सहा पाळ्यांत ती गप्प होती पण रिकामी नव्हती, बाकीच्यांची वाक्यं ऐकून आपलं वाक्य जुळवत होती. पास म्हणायची मुभा ठेवा, ताई.

गट का करायचे, त्याचा हिशेब असा. 'मामाचं पत्र हरवलं' आपल्या मुलांचा लाडका. रुमालाऐवजी शब्दाचं कार्ड ठेवायचं आणि ज्याच्या मागे पडेल त्याने उचलून वाक्य करायचं, असं तुम्हीही कदाचित करत असाल. पण २८ मुलांचं एकच रिंगण, एका फेरीला चाळीसेक सेकंद धरले, तर वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक शब्द येतो. तेवढ्याच वेळात जोड्या लावून कार्डं खेळलात तर १४ मुलं एकाच वेळी बोलत असतात आणि प्रत्येकाकडून पंधरा-वीस शब्द निघतात. मामाचं पत्र शनिवारी मजेसाठी ठेवा, अजिबात सोडू नका, पण शिकवण्याचा भार त्याच्यावर टाकू नका. जोड्यांनी आवाज होतो आणि शेजारचे तक्रार करतात, हे मला माहीत आहे. मी 'कानगोष्टीच्या आवाजात' असा नियमच केलाय, आणि कुजबुजताना मुलं उच्चारही नीट ऐकतात.

हाउजीही वाया जाणार नाही. पहिला डाव तुम्ही पुकारा. दुसऱ्यात शब्द पुकारू नका, त्याचं काम सांगा: 'वी कट व्हेजिटेबल्स विथ इट.' तिसऱ्या डावात पुकारायला मुलंच. तिकिटंही मुलांनाच करू द्या, फळ्यावरच्या १५ शब्दांतले आपल्या आवडीचे नऊ निवडून.

आता एक गोष्ट जी बहुतेक पुस्तकं उलटी करतात. एका धड्यात सगळी फळं, दुसऱ्यात सगळे रंग, तिसऱ्यात शरीराचे अवयव. थॉमस टिंकहॅम या संशोधकांनी हे १९९३ मध्ये तपासलं आणि पुढे रॉब वॉरिंग यांनी १९९७ मध्ये जपानी विद्यार्थ्यांवर पुन्हा तपासलं. एकाच जातीचे नवे शब्द एकत्र दिले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला वेळ जास्त लागतो. माझ्या वर्गात 'एल्बो' (कोपर) आणि 'नी' (गुडघा) एकाच दिवशी शिकवले होते, महिनाभर मुलं कोपर धरून 'नी' म्हणत होती. तेव्हापासून नवे शब्द मी एका प्रसंगातून घेते: पावसात लोकल बंद पडली आणि घरी चालत निघालो, तर पडल (डबकं), सोक्ड (चिंब भिजलेलं), क्राउड (गर्दी), शेल्टर (आडोसा), बॉरो. बॉरो कशाला? शेजारच्या दुकानातून छत्री उसनी घ्यायला! जाती-जातीचे संच नंतर उजळणीच्या खेळात करा, तेव्हा उपयोगी पडतात. विरुद्धार्थी जोड्याही एका दिवशी शिकवू नका.

उजळणीसाठी बुटांचं रिकामं खोकं घ्या आणि पुठ्ठ्याने तीन कप्पे करा. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडली, आणि मला अजून तिच्याहून स्वस्त नि टिकाऊ काही मिळालेलं नाही. कार्डाच्या एका बाजूला चित्र किंवा मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा आठवड्यातून दोनदा, तिसरा फक्त शनिवारी. शनिवारचे खेळ मी तिसऱ्या कप्प्यातल्या कार्डांवरच घेते. कार्डं मुलांनाच काढायला लावा, कशीही वेडीवाकडी असली तरी.

मुंबईच्या मुलांचा एक मोठा साठा आपण वापरतच नाही. स्लो, फास्ट, सिग्नल, प्लॅटफॉर्म, पार्सल, चार्जर हे शब्द ती रोज बोलतात. पण त्यातले काही आपल्याकडे येऊन बदललेत. आपलं हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा, इंग्रजीत ती राहायची. आपण 'लाइट गेली' म्हणतो, इंग्रजीत पॉवर जाते. मुलांना घरून येताना पाट्यांवरचे आणि घरात बोलले जाणारे असे दहा शब्द गोळा करून आणायला सांगा आणि जोडीने ठरवू द्या, हा शब्द तिकडेही याच अर्थाचा आहे का. माझ्या वर्गात यावर जेवढी हिरिरीने भांडणं होतात तेवढी कुठल्याच खेळात होत नाहीत.

मराठी बोलल्यास दंड वगैरे लावू नका. अर्थ मराठीत एका वाक्यात सांगून मोकळं व्हा, वेळ खेळाला ठेवा. गुण द्यायचेच तर गटाला द्या, आणि गटातून कोण बोलणार हे चिठ्ठीने ठरवा, नाहीतर तीच दोन मुलं दरवेळी जिंकतात आणि बाकीची आशाच सोडतात.

या सोमवारी दहाच शब्द घ्या, एकाच प्रसंगातले. शनिवारी पहिल्या कप्प्यात परत आलेली कार्डं मोजा आणि ते शब्द इथे लिहा. मग त्यांच्यासाठी कुठला खेळ लावायचा ते बघू.