वाचकांचे प्रश्न : स्क्रू आवळताच बॉसला चीर का जाते?

प्रश्न : ३० टक्के ग्लास (काचेचे तंतू) भरलेल्या नायलॉन ६६ चा ब्रॅकेट आम्ही बनवतो. स्क्रू आवळला की बॉसला (स्क्रू बसतो त्या पोकळ खुंटाला) चीर जाते, तीही दरवेळी गेटच्या (साच्यात प्लास्टिक शिरते त्या वाटेच्या) विरुद्ध बाजूला. होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर धरून ठेवलेला दाब) वाढवले, फरक नाही. ग्लास वाढवून पाहावी का? — एक वाचक, भोसरी

उत्तर : ग्लास वाढवू नका, दुखणे वाढेल. चीर जाते ती वेल्ड लाइनवर. प्लास्टिकचा प्रवाह कोअर पिनपाशी (बॉसचे भोक घडवणाऱ्या साच्यातल्या पिनेपाशी) दुभंगतो आणि पिनेच्या मागे पुन्हा मिळतो; तो सांधा म्हणजे वेल्ड लाइन. साध्या नायलॉनचा हा सांधा बऱ्यापैकी एकजीव होतो. ग्लास भरलेल्यात मात्र तंतू सांध्याला समांतर पडतात, तो ओलांडून फारसे कोणी पलीकडे जात नाही. त्या रेषेवर ग्लास असून नसल्यासारखी, म्हणून ताकद निम्म्यावरही येते. डेटाशीटवरचा आकडा बिनसांध्याच्या नमुन्याचा असतो, त्यावर विसंबू नका.

आधी खात्री करा. होल्डिंग बंद ठेवून शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल) थोडा थोडा वाढवत पाच-सहा शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेले भाग) काढा. प्रवाहाची दोन तोंडे कुठे भेटतात ते डोळ्यांना दिसेल.

होल्डिंगचा उपयोग झाला नाही, कारण ते लागू होईतो तोंडे भेटून गार झालेली असतात. इंजेक्शनचा वेग वाढवा, मोल्ड (साचा) ८० ते १०० अंशांवर आणि वितळ २८० ते ३०० अंशांवर ठेवा. मोल्डमध्ये नुसते साधे पाणी फिरवत असाल, तर तिथेच अर्धे नुकसान होते. दाणे ८० अंशांवर चार ते सहा तास वाळवा, ओलावा ०.२ टक्क्याच्या आत हवा. सांध्यावर काळपट डाग असेल तर हवा कोंडते आहे, तिथे ०.०१५ ते ०.०२ मिमी खोल व्हेंट (हवा निघायची फट) द्या.

एवढ्याने भागले नाही तर मोल्डला हात लावावाच लागेल. गेट हलवून रेषा कमी ताणाच्या जागी नेणे उत्तम. ते जमत नसेल तर बॉसला ओव्हरफ्लो टॅब (जादा माल वाहून जायचा छोटा कप्पा) द्या, पण रेषेच्या बरोबर मध्यावर नको, किंचित एका बाजूला. मग माल रेषा ओलांडून वाहतो आणि काही तंतू पलीकडे जातात.

आणि हो, भाग मशीनवरून उतरल्या उतरल्या स्क्रू मारता का? कोरडा नायलॉन ठिसूळ असतो. त्याला आधी हवेतला ओलावा घेऊ द्या.