परदेशातल्या बौद्ध मंदिरात पर्यटक म्हणून जाताना काय पाळावं? श्रद्धा नसेल तर आत जावं का?

चपला बाहेर, खांदे-गुडघे झाकलेले, हे तुम्हाला माहीत असणारच. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र मला झोंबला, कारण त्याच्यावरून माझा आणि दादाचा वर्षभर अबोला होता.

आईला घेऊन मी श्रीलंकेत कँडीला गेले होते, दळदा मालिगावाला. बुद्धाच्या दाताचं मंदिर. आम्ही नागपूरचे, आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, हिंदू देव आणि कर्मकांड सोडायच्या बावीस प्रतिज्ञांसकट. निघायच्या आदल्या दिवशी दादाचा फोन: 'बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली बाई दाताला हात जोडायला विमानाने चालली?' आईने ऐकलं आणि विहारात नेसायची पांढरी साडी बॅगेत अगदी वर ठेवली.

दारात कडक झडती. 1998 च्या जानेवारीत एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने इथे स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला होता, त्यामुळे त्याबद्दल कुरकुर करू नका. आईच्या पिशवीतला चिवड्याचा डबासुद्धा उघडून बघितला. बाहेर फुलांची दुकानं असतात, पांढरा चाफा आणि निळी कमळं. मी सवयीने एक कमळ नाकाशी नेलं. फुलवालीने काही न बोलता माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि दुसरं दिलं. आई म्हणाली, 'हुंगलेलं फूल वाहते का कोणी? एवढं तं कळायला पाहिजे.' नियमांची यादी पाठ करून आलेली मी, आणि चुकले ते यादीत नसलेल्या गोष्टीत.

दात दिसत नाही, हे आधीच सांगते. पूजेच्या वेळी वरच्या मजल्यावरचं दार उघडतं, रांग पुढे सरकते आणि स्तूपाच्या आकाराचा सोन्याचा करंडक दोन क्षण दिसतो. त्याच्या आत एकात एक असे आणखी करंडक, आणि सगळ्यांत आत दात. तो कलिंगातून आला अशी तिथली कथा: राजकन्या हेममालेने केसांत लपवून समुद्रापार आणला. मी हे सांगितलं तेव्हा आईचा हात आपसूक स्वतःच्या अंबाड्याकडे गेला.

खाली ढोल घुमत होते, त्यावर सनईसारखं एक वाद्य. वर जमिनीवर पांढऱ्या कपड्यांतल्या बाया बसलेल्या. आई त्यांच्यात जाऊन बसली आणि हळू आवाजात सुरू झाली, 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स'. शेजारच्या म्हातारीने वळून पाहिलं, थोडी सरकून जागा दिली आणि तिच्या सुरात सूर मिळवला. 'बुद्धं सरणं गच्छामि' दोघी एकदमच म्हणाल्या. आईला सिंहलीचा एक शब्द येत नाही, त्या बाईला मराठीचा. उठताना म्हातारीने आपल्या ताटातली अर्धी फुलं आईच्या ओंजळीत घातली. जिना उतरताना आई म्हणाली, 'हे तं आपलंच हाय.'

आता दादासाठी, कारण तो इथे वाचतो. आईने तिथे नवस केला नाही, काही मागितलं नाही. त्रिशरण म्हटलं, जे तू दर रविवारी म्हणतोस. दाताला मान देणं ही अंधश्रद्धा असेल, तर दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या अस्थींपुढे तू डोकं टेकवतोस ते काय? आणि 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब स्वतः श्रीलंकेला गेले होते, तेव्हा 'विमानाने चालली' वगैरे आम्हाला ऐकवू नकोस.

तर प्रश्नकर्ते, श्रद्धा नसली तरी खुशाल जा. तिथे कोणी विचारत नाही. मात्र पूजेच्या वेळी जा, नाहीतर नुसतं लाकूडकाम बघून परत याल. पूजा पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाला असते. पहाटेची गाठा. बुद्धाकडे पाठ करून फोटो अजिबात काढू नका. आमच्यासमोर एका मुलाला पहारेकऱ्याने तो तिथल्या तिथे पुसायला लावला. अंगावर बुद्ध गोंदवला असेल तर श्रीलंकेला जायच्या आधी दहादा विचार करा. 2014 मध्ये दंडावरच्या अशा चित्रावरून एका ब्रिटिश बाईला विमानतळावर अटक करून देशाबाहेर काढलं होतं. पुढे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली, पण तिची सहल गेली ती गेलीच.

हे सगळं कँडीपुरतं. थायलंड-जपानचं मला माहीत नाही. आणि गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर जिना आणि रांग धरून तासभर जास्तीचा ठेवा.

मालिगावाच्या शेजारीच विष्णूचं देऊळही आहे. आईने तेही बाहेरून पाहिलं. हे दादाला अजून सांगितलेलं नव्हतं.