बटई सोडली म्हणजे भाऊकी सोडली असं नाही

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे औसा तालुक्यातले, आता डॅलसला असतो. गावाकडची जमीन चुलतभाऊ बटईनं करतो. निम्मा खर्च आम्ही पाठवतो, पण हातात काही पडत नाही. कधी पाऊस नाही, कधी भाव नाही. जमीन काढून घ्यावी तर भाऊकी तुटेल. काय करावं?

उत्तर : तुम्ही जमीन काढणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मग हिशोब द्यायची गरज त्याला का वाटावी?

२०११ साली डेव्हिड रँड, सॅम्युअल आर्बेसमन आणि निकोलस ख्रिस्ताकिस या संशोधकांनी लोकांना एक खेळ खेळायला लावला. पदरचं खर्चून जोडीदारांचा फायदा करायचा की नाही, हे दर फेरीला ठरवायचं. जोडीदार बदलता येत नव्हते तिथं मदत फेरीगणिक आटत गेली. संबंध वरचेवर तोडायची-जोडायची मुभा होती तिथं ती टिकली, कारण आपमतलबी माणसाशी लोक संबंध तोडत होते.

आपल्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. पटलं तर पुढं, नाही तर मालकही मोकळा आणि गडीही. ऊसतोड कामगाराला मात्र मुकादमाची उचल फिटेपर्यंत हलता येत नाही. सुटायची वाट बंद असली की माणसाचे काय हाल होतात, ते बीडकडच्या कुणालाही विचारा. म्हणून ही मोकळीक तुमच्या भावालाही हवी. त्यालाच ही बटई परवडत नसेल, आणि तोही भिडेपोटी गप्प असेल!

तर या पाडव्यापासून व्यवहार सालाचा करा. पण आधी खातरजमा. मराठवाड्यात पाऊस खरंच दगा देतो. त्याच शिवारात शेजाऱ्याला सोयाबीनचा उतारा किती आला ते विचारा, भावाकडं आडतीवरची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, मागा. शेजाऱ्याचंही गेलं असेल तर ते साल सोडून द्या, त्यावरून भांडू नका. शेजाऱ्याला एकरी सात क्विंटल आणि तुमच्या रानात तीनच, असं निघालं तर मात्र स्पष्ट बोला. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कायद्यानं हक्क सांगेल, या धास्तीनं लोक लिहून ठेवायचं टाळतात. आपल्याकडं हैदराबादचा १९५० चा कूळकायदा लागतो, तेव्हा कागद लातूरच्या वकिलाकडूनच करून घ्या.

शेताचं बोलायला वेगळा फोन करा, काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करताना पट्टीचा विषय नको. आणि दुसरा बटईदार फाल्गुनातच बघून ठेवा. गावात रान करायला दुसरं कुणी तयार नसेल तर तुमचं बोलणं पोकळ आहे, हे भावाला तुमच्या आधी कळेल.