टीटीके बटणाला संत्री रंग का चढत नाही?

तुमचा प्रश्न असा: नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा आडतीसाठी पायथॉनमध्ये बिलाचा प्रोग्राम करताय, खिडक्या-बटणं टीके आणि त्याच्या टीटीके या भागाने बनवताय, विंडोजवर बटणाचं बॅकग्राउंड बदलूनही बटण राखाडीच राहतं, आणि ट्रीव्ह्यूच्या यादीत शेतकऱ्यांच्या नावांच्या मात्रा कापल्या जातात.

तुमचा कोड बरोबर आहे, थीम (दिसण्याचा तयार साचा) आडवी येतेय. विंडोजवर टीटीके आपणहून ‘व्हिस्टा’ थीम घेतं. तिच्यात बटण विंडोज स्वतः रंगवतं, त्यामुळे तुमचा रंग फार तर कडेला दिसतो. स्टाईल ऑब्जेक्ट तयार केल्यावर सगळ्यात आधी थीम_यूज वापरून ‘क्लॅम’ लावा. कॉन्फिगर (नेहमीचा रंग) आणि मॅप (बटणाच्या अवस्थेनुसार रंग) त्यानंतरच, कारण सेटिंग त्या वेळी चालू असलेल्या थीमलाच चिकटतं.

स्टाईलचं नाव ‘संत्रा.टीबटन’ असं ठेवा. टिंबानंतरचा भाग विजेटच्या (बटण, यादी अशा घटकाच्या) क्लासचाच हवा, नाहीतर ‘लेआउट नॉट फाउंड’ येतं. ट्रीव्ह्यूच्या नावात मात्र पुढे ‘टी’ लागत नाही, इथे पुष्कळ जण फसतात.

एवढ्यावर बटण संत्री होईल, पण माउस वर नेला की फिकट राखाडी पडेल. क्लॅमच्या मॅपमध्ये ‘ॲक्टिव्ह’ (माउस वर असताना) अवस्थेचा रंग आधीच भरलेला आहे आणि मॅप कॉन्फिगरवर मात करतो. म्हणून मॅपमध्ये तुमचे रंग द्या, आणि क्रम डिसेबल्ड (बंद), प्रेस्ड (दाबलेलं), ॲक्टिव्ह असाच ठेवा. जुळणारी पहिली ओळ लागू होते. बटण दाबताना माउस त्याच्यावरच असतो, म्हणजे ॲक्टिव्हही खरं असतं. ते वर लिहिलंत तर दाबल्याचा रंग कधीच दिसणार नाही.

आता मात्रा. टीके ८.६ मध्ये ट्रीव्ह्यूची ओळ २० पिक्सेलची असते आणि फाँट मोठा केला तरी ती वाढत नाही. ‘निर्मला यूआय’ हा विंडोजचा फाँट १२ आकारात घेतलात की ‘कैकेयी’च्या वरच्या मात्रा आणि ‘कृष्णा’चा खालचा भाग कापला जाणारच. अंदाजाने ३० लिहू नका. फाँटच्या मेट्रिक्समधून (मापांमधून) लाइनस्पेस, म्हणजे ओळीला लागणारी उंची काढा, त्यात ८ मिळवा आणि तो आकडा रोहाइट या ओळीच्या उंचीच्या सेटिंगला द्या. दुसऱ्या स्क्रीनवरही टिकेल. मथळ्यांचा फाँट ‘ट्रीव्ह्यू.हेडिंग’वर वेगळा द्यावा लागतो.

एंट्री (टाइप करायची चौकट) आणि कॉम्बोबॉक्सचा (यादी उघडणारी चौकट) फाँट स्टाईलमधून बदलत नाही, तो विजेट करतानाच द्या. कॉम्बोबॉक्सची उघडणारी यादी तर जुना टीके लिस्टबॉक्स आहे. तिचा फाँट ऑप्शन_ॲडने, कॉम्बोबॉक्स तयार करण्याआधी.