कमोडमधला क्षाराचा थर: ब्लीच थांबवा, आधी टाकी बघा

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री ब्लीच ओतून ठेवता, सकाळी थर पांढरा दिसतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पिवळा पडतो. अगदी हेच माझ्याकडे चालायचं. ब्लीचने फक्त डाग फिका होतो, क्षार जागचा हलत नाही. तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आम्लच लागतं. पण ब्लीचवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा आधी भरपूर फ्लश करा आणि खिडकी उघडी ठेवा.

माझ्या मते सायट्रिक ॲसिड पुरतं. भांड्यातलं पाणी मात्र आधी काढाच, ब्रशने पलीकडे ढकलून, उरलेलं टिपून. नाहीतर सगळं पातळ ताक! १०० ग्रॅम पूड कोमट पाण्यात विरघळवून ओता, वरच्या कडेला भिजवलेले कागद चिकटवा, रात्रभर राहू द्या. उकळतं पाणी नको, भांडं तडकतं.

खरवडण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: धातू लावायचा नाही. आमच्या इमारतीच्या देखभाल कार्यालयात मी तक्रार दिली होती टाकीतून सतत झिरपणाऱ्या पाण्याची. त्या धारेमुळेच भांड्याच्या मागच्या बाजूला क्षाराचा पट्टा धरत होता. साधा वॉशर बदलायचा, तर यांनी माणूस पाठवला तारेचा ब्रश आणि पटाशी देऊन! थर गेला, सोबत चिनी मातीची चकाकीही गेली. आता त्या ओरखड्यांत क्षार पूर्वीपेक्षा लवकर धरतो. जाब विचारला तर म्हणे, "कमोड जुना झालाय, नवा बसवा, खर्च तुमचा." आणि गळतीचं? तक्रार वहीत "काम पूर्ण" अशी नोंद! सही कुणाची, तेही सांगेनात. शेवटी वॉशर मीच बदलला.

म्हणून टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर गळती आहे, ती आधी थांबवा. मी प्लंबर नाही, पण गळती चालू असताना घासणं म्हणजे फुकटची मेहनत.

कुणी प्यूमिस दगड (टाचा घासायचा तो सच्छिद्र दगड) सुचवेल. चालतो, पण दगड आणि भांडं दोन्ही ओलं हवं, हात हलका हवा. रंगीत किंवा प्लास्टिकच्या भांड्यावर मी तरी वापरणार नाही. आणि कडेखालची भोकं आरसा धरून बघा. ती बुजली असतील तर फ्लशचा जोरच राहत नाही.