रोज फ्लॅशकार्ड करूनही परदेशी भाषेतले काही शब्द डोक्यात बसतच नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बाकीचे शब्द बसतात, पण साठ-सत्तर शब्द अँकीत, म्हणजे फ्लॅशकार्डांची उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये, रोज समोर येतात आणि रोज चुकतात. जपानी शिकताना माझंही अगदी हेच झालं होतं. स्मरणशक्तीला बोल लावू नका, कार्डं बदला.

अशा कार्डाला अँकीत ‘लीच’ म्हणतात, म्हणजे जळू. मूळ सेटिंग तसंच ठेवलं असेल तर उजळणीत ८ वेळा चुकलेल्या कार्डावर ‘लीच’ अशी खूण लागते, आणि सेटिंगनुसार ते आपोआप बाजूलाही काढलं जातं. मी हट्टाने ते परत चालू करायचो आणि ते परत रक्त प्यायचं. ते बाजूला का पडलं, हे बघायला हवं होतं.

माझ्या बाबतीत बहुतेक वेळा कारण एकच निघालं: जुळ्या शब्दांची गल्लत. ‘ओतोसु’ आणि ‘ओचिरु’ मी एकाच दिवशी घातले होते आणि दोन्हींपुढे इंग्रजी अर्थ लिहिले होते. महिनाभर एकाच्या जागी दुसरा आठवायचा. मग इंग्रजी खोडून ‘पाडणे’ आणि ‘पडणे’ लिहिलं, आणि गाठ सुटली. ‘ओकोसु-ओकिरु’ म्हणजे उठवणे-उठणे. मराठीत हा भेद आयता असताना आपण अर्थ इंग्रजीतून का लिहितो, कोण जाणे! तरीही गोंधळ होत असेल, तर जोडीतला एक शब्द दोन-तीन आठवडे बंद ठेवा आणि दुसरा पक्का होऊ द्या.

दुसरं कारण म्हणजे शब्दाला धरायला काहीच नसणं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, ते मुद्दाम निरर्थक अक्षरगट पाठ करून. अर्थाचा आधार नसलेला मजकूर किती भराभर गळतो, हे त्यात दिसलं. नुसता शब्द आणि नुसता अर्थ असं कार्ड केलं की आपण तोच प्रयोग स्वतःवर करत असतो. म्हणून काहीतरी आचरट जोडा. ‘कुत्सु’ म्हणजे बूट. मी कुत्रा बूट पळवतोय असं चित्र डोळ्यासमोर आणलं, आणि तो शब्द पुन्हा कधी चुकला नाही. अमूर्त शब्दांना मात्र असली चित्रं फारशी चालत नाहीत. तिथे वाचताना भेटलेलं छोटं वाक्य घ्या आणि तेवढा शब्द गाळा.

एक बारीक गोष्ट, पण हिच्यामुळे माझे कित्येक महिने वाया गेले. उत्तर बघितल्यावर अँकी बटणं दाखवते. शब्द विसरला असाल तर ‘अगेन’ दाबा. ‘हार्ड’ म्हणजे आठवला, पण कष्टाने. लाजेपोटी ‘हार्ड’ दाबलं की अँकी ते बरोबर उत्तर धरतं आणि पुढची तारीख त्या हिशोबाने लावते.

आणि त्या साठ-सत्तरांतले वीसेक शब्द सरळ उडवून टाका. गरजेचे असतील ते वाचताना पुन्हा आडवे येतीलच, तेव्हा नवं कार्ड करा.